दुबळे हृदय आणि चालणारे पाय

‘त्यांचे हार्ट फेल झाले’ असे कोणी म्हटले, की ऐकणारा पुढे प्रकृतीची विचारपूस करीत नाही; अंत्यविधी किती वाजता, एवढेच विचारतो. आपल्या बोलीत या शब्दांचा अर्थ मृत्यू असाच ठरून गेला आहे. डॉक्टर मंडळी मात्र तेच शब्द चालत्याबोलत्या माणसाबद्दल वापरतात. त्यांना म्हणायचे असते ते इतकेच, की या हृदयाला शरीराच्या गरजेइतके रक्त पुरविणे जमेनासे झाले आहे. चार पायऱ्या चढताच धाप लागते, पावलांवर सूज चढते, रात्री उशाला एकाच्या जागी तीन उशा लागतात. असा माणूस योग्य उपचाराने पुढे वर्षानुवर्षे जगू शकतो. प्रश्न असतो तो, त्याने जगायचे कसे: निजून की हिंडूनफिरून?

मी कलाशाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर शास्त्राच्या पुस्तकाला हात लावण्याचा प्रसंग आला नव्हता. पण हाच प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात आजीच्या निमित्ताने उभा राहिला आणि मला या विषयात शिरावे लागले. तिच्या इको तपासणीच्या कागदावर ‘३० टक्के’ असा आकडा होता. ‘पंपिंग तीसच टक्के राहिले’ ही बातमी नातेवाइकांत अशी पसरली, की जणू शंभरांपैकी सत्तर भाग हृदय निकामीच झाले! वास्तविक शंभर टक्के पंपिंग कोणाचेच नसते. हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती भाग एका ठोक्याला बाहेर फेकला जातो, त्याचे ते प्रमाण आहे. धडधाकट माणसातही ते साधारण ५५ ते ७० टक्केच असते. तीस म्हणजे कमी, चांगलेच कमी. पण शून्याच्या शेजारचे नव्हे. आणि गंमत अशी, की हे प्रमाण अगदी ठीक असूनही हृदय दुबळे असू शकते. त्याबद्दल पुढे सांगतो.

आजारी हृदयाला विश्रांती द्यावी ही समजूत अडाणीपणाची नाही. ती एके काळी वैद्यकशास्त्राचीच शिकवण होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला सहा सहा आठवडे अंथरुणावर सक्तीने पडून राहावे लागे. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी असे रुग्ण पहिल्या काही दिवसांतच उठवून आरामखुर्चीत बसविल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. नुसते खुर्चीत बसविणे! तेवढेही त्या काळी धाडसाचे वाटले. त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकात, छातीतल्या कळेचे पहिले नीट वर्णन करणाऱ्या विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने रोज अर्धा तास लाकडे कापून जवळजवळ बरा झालेल्या एका रुग्णाची नोंद करून ठेवली होती. त्या नोंदीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

विश्रांतीची किंमत मोजली गेली ती १९६६ साली, अमेरिकेतल्या डॅलस शहरात. हा प्रयोग मला सर्वांत उद्‌बोधक वाटतो. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवले. आधी आणि नंतर, अंगात जास्तीत जास्त जोर असताना त्यांचे शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, हे मोजले. दमश्वासाची याहून भरवशाची मोजपट्टी नाही. तो आकडा ३.३ लिटरवरून सुमारे २.४ वर आला. म्हणजे तीन आठवड्यांत पावणाच्या आसपास ताकद उरली. पुढे आठ आठवडे कसून व्यायाम करवून घेतल्यावर ती भरून आली आणि वर चढलीही.

खरी मौज पुढेच आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, तेच पाच जण पुन्हा प्रयोगशाळेत आले. आता ते पन्नाशीचे होते आणि वजन सरासरी वीस किलोंहून अधिक वाढले होते. तरीही त्यांची क्षमता तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या पलंगानंतर जितकी घसरली होती, तितकी घसरलेली नव्हती. तीस वर्षांच्या वार्धक्याला जे जमले नाही, ते तीन आठवड्यांच्या गादीने करून दाखविले होते! सहा महिने बेताबेताने वाढविलेल्या व्यायामानंतर हे पाचही जण सरासरीने विशीतल्या मूळ आकड्यापाशी परतले. मात्र बारकाईने पाहता असे आढळले, की हृदय पूर्वीपेक्षा अधिक रक्त फेकू लागले नव्हते. स्नायूच आलेल्या रक्तातून अधिक प्राणवायू ओढून घेऊ लागले होते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा.

वय वाढते तसे हृदयाचे दोन प्रकारे नुकसान होते. एक, ठोक्यांची कमाल गती उतरते. ढोबळ हिशेब २२० वजा वय असा सांगतात, आणि कितीही व्यायाम केला तरी ही गती वाढत नाही. दुसरे, हृदयाची भिंत ताठर होते. आपण हृदयाला पंप म्हणतो आणि त्याच्या आकुंचनाचाच विचार करतो. पण पिळून काढण्याआधी ते भरावे लागते, आणि भरण्यासाठी सैल पडावे लागते. नवा रबरी फुगा आणि पडून वाळलेला फुगा यांत जो फरक, तोच इथे. ताठर हृदयात रक्त भरताना दाब वाढतो, तो मागे फुफ्फुसात पोचतो आणि धाप लागते. टक्केवारी चांगली असूनही दुबळे ठरणारे हृदय म्हणतात ते बहुधा हेच.

हा ताठरपणा व्यायामाने जातो का? डॅलसमध्येच बेंजामिन लेव्हाइन (हे लेव्हाइन वेगळे) यांच्या गटाने याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जन्मभर आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम केलेल्या वृद्धांची हृदये बरीचशी तरुणांसारखी लवचीक निघाली. दोन-तीन दिवसांवर भागविणाऱ्यांना तितका लाभ दिसला नाही. सत्तरीच्या आसपास प्रथमच व्यायामाला लागलेल्यांचा दम वर्षभरात चांगला वाढला, पण हृदयाचा ताठरपणा काही हटला नाही. मग २०१८ साली ४५ ते ६४ वयाच्या, बैठे आयुष्य काढलेल्या माणसांवरील दोन वर्षांच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेवटपर्यंत टिकलेल्या ५३ जणांपैकी ज्यांनी चार-पाच दिवसांचा, अधूनमधून चांगला दम लागेल असा व्यायाम केला, त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १८ टक्क्यांनी वाढली आणि ताठर होऊ लागलेले हृदय पुन्हा सैलावले. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गटाला योगासने, तोल सांभाळणे आणि हलकी वजने दिली होती. त्यांच्या हृदयात असा फरक पडला नाही. योगासनांचे इतर गुण मला मान्य आहेत, पण आपल्याकडे त्यांच्यावर जे सगळेच ओझे टाकले जाते, ते त्यांना पेलणारे नाही असे मला वाटते. थोडक्यात, हृदय मवाळ ठेवण्याची वेळ चाळिशी-पन्नाशीची. हे आमच्या प्राध्यापक मंडळींनी वाचावे, अशी नम्र विनंती.

मग सत्तरी ओलांडलेल्या, तीस टक्क्यांच्या आजीचे काय? इथे मघाचा मुद्दा कामाला येतो. हृदय दुबळे झाले, की माणूस हालचाल कमी करतो. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू वाळतात, त्यांतील प्राणवायू जाळणाऱ्या तंतुकणिका घटतात, रक्तवाहिन्या गरजेच्या वेळी पुरेशा रुंदावत नाहीत. आता तेवढेच काम करायला हृदयावर जास्त भार येतो. म्हणजे दम लागतो तो काही अंशी पायांमुळे! व्यायामाने हे चक्र उलटे फिरते. हृदयाच्या टक्केवारीत थोडाच फरक पडतो, क्वचित पडतही नाही, पण न थांबता नळापर्यंत जाता येते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात ३५ टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग असलेले २,३३१ रुग्ण होते. व्यायाम त्यांच्यासाठी सुरक्षित ठरला, जगणे थोडे सुसह्य झाले. मृत्यू आणि इस्पितळाच्या वाऱ्या यांतला फरक मात्र लहानच होता. ठरवून दिलेली मिनिटे पाळणारे निम्म्याहून कमी होते, हेही त्याचे एक कारण असावे.

आमच्या घरी यावर पंधरा दिवस वाद झाला. आत्याने आजीच्या उशाशी घंटी ठेवली होती आणि पाण्याचा पेलाही तिला उचलू देत नव्हती. बाबा डॉक्टरांच्या बाजूचे. डॉक्टरांनी औषधे बसवून, सूज उतरल्यावर तिला दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटे चालायला लावले आणि अंतर मोजले. ही चाचणी जगभर करतात. तिला घड्याळ आणि मोकळी वाट यापलीकडे काही लागत नाही. आजी दोनदा थांबली आणि १८० मीटर गेली. मग पडवीत दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे, दर आठवड्याला मिनिटभर वाढवीत, शिवाय खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे. चार महिन्यांनी तीच वाट ती २६० मीटर गेली, न थांबता. इकोचा आकडा ३० वरून ३२ झाला होता. आत्या म्हणाली, ‘यात काय सुधारले?’ आजी म्हणाली, ‘मी आता तुझी घंटी वाजवीत नाही.’

पण हे वाचून कोणी आपल्या आजोबांना उद्याच टेकडीवर नेऊ नये. बसल्या जागी धाप लागत असेल, सूज वाढत असेल, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो चढले असेल, छातीत दुखत वा भोवळ येत असेल, तर चालणे बंद आणि डॉक्टरांकडे जाणे. हृदयाची झडप फार अरुंद झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आधी तिचा उपाय करावा. जेवल्यावर लगेच किंवा भर उन्हात चालू नये, आणि शेवटची काही मिनिटे वेग कमी करीत थांबावे. नाडी मोजण्यावर फार विसंबू नये, कारण या रुग्णांना दिली जाणारी काही औषधे नाडीच मंद करतात. त्यापेक्षा शेजारी कोणी बोलायला असावे: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग ठीक, शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर जास्त.