साखरेचा सेन्सर आणि द्राक्षाचा रस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: ग्लुकोमीटर साखर मोजतो, म्हणजे द्राक्षाची गोडीही मोजेल.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ही कल्पना सुचणे स्वाभाविक असले, तरी ती साफ चूक आहे. पट्टीवरचे विकर, म्हणजे एन्झाइम, सगळ्या साखरा ओळखत नाही. ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन मध्यस्थ रसायनामार्फत इलेक्ट्रोडवर पोहोचतात आणि त्या विद्युतप्रवाहावरून आकडा ठरतो. पिकलेल्या द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ निम्मे-निम्मे असतात. म्हणजे अर्धी साखर हिशेबातच येत नाही.

उरलेल्या अर्ध्या साखरेचाही आकडा मिळत नाही. २० ब्रिक्सच्या रसात दर डेसिलिटरला ९,००० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुकोज असते, तर घरगुती ग्लुकोमीटरची मर्यादा सहसा ६०० असते. रस पातळ करूनही भागत नाही, कारण पट्टीचे गणित रक्तासाठी, तांबड्या पेशी गृहीत धरून, बसवलेले असते. बागेत रिफ्रॅक्टोमीटरच वापरावा. मात्र तोही निव्वळ साखर नव्हे, तर विरघळलेले एकूण घन पदार्थ दाखवतो.

विकराच्या सेन्सरची खरी गरज वाइनरीत आहे. आंबवताना अल्कोहोल तयार झाले की रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. यीस्ट ग्लुकोज आधी संपवते, त्यामुळे शेवटी उरते ते मुख्यतः फ्रुक्टोज. अशा वेळी केवळ ग्लुकोज मोजून वाइन ‘ड्राय’ ठरवणे म्हणजे नेमकी उरलेली साखरच न मोजणे! त्यासाठी फ्रुक्टोज डिहायड्रोजिनेज बसवलेला वेगळा इलेक्ट्रोड लागतो. शिवाय वाइनमधली पॉलिफेनॉलही इलेक्ट्रोडवर प्रवाह निर्माण करतात. म्हणून त्यांना अडवणारे पटल किंवा कमी व्होल्टेजवर चालणारी रचना करावी लागते.

इतर गैरसमज

*हे तंत्र अगदी नवे आहे.* विकर-इलेक्ट्रोडची कल्पना लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्येच मांडली.

*सगळ्या पट्ट्या सारख्याच.* ‘जीडीएच-पीक्यूक्यू’ विकराच्या पट्ट्या माल्टोजलाही ग्लुकोज समजतात. अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

*लॅबशी आकडा जुळला नाही, म्हणजे यंत्र बिघडले.* आयएसओ १५१९७:२०१३ या मानकानुसार १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखरेला १५ टक्के फरक चालतो, त्याखाली १५ मिलिग्रॅम.

*विकर मोजताना खर्च होते.* ते उत्प्रेरक आहे, खर्च होत नाही. पण उष्णता आणि दमटपणाने ते निकामी होते. म्हणून पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी आणि मुदत संपलेली पट्टी वापरू नये.