चालण्याचे यंत्र बंद पडले, तर आधी पट्टा पाहा

आम्हा कापडवाल्यांचा दिवस गादीवर बसून जातो. पुढे मधुमेह येतो आणि डॉक्टर चालायला सांगतात. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत फजरनंतर मांडवीला फेरी मारणे होत नाही. म्हणून आमच्या पुष्कळ घरांत ट्रेडमिल आली, आणि ती बंदही नेमकी पावसाळ्यातच पडते.

आमची अशीच बंद पडली. पाहायला आलेल्या कारागिराने झाकण न उघडताच "बोर्ड गेला, नवा घाला" असे सांगितले. किंमत ऐकून आम्ही दोन दिवस थांबलो, ते बरे झाले. बोर्डात दोष नव्हताच.

रचना साधी आहे. घरगुती यंत्रांपैकी बहुतेकांत बोर्ड एसी विजेची डीसी करून मोटरला देतो. मोटर लहान पट्ट्याने पुढचा रोलर फिरवते आणि रोलर चालण्याचा मोठा पट्टा फळीवरून ओढतो. मोठा पट्टा जड झाला की मोटर जास्त वीज खेचते, आणि बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र थांबवतो. म्हणजे थांबवणारा बोर्ड, पण गुन्हेगार दुसराच.

यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर प्रथम सेफ्टी की जागेवर बसली आहे का ते पाहावे, मग कटआउटचे बटण दाबावे. बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाकावा. यंत्र अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावे. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या पडतात, त्याही पाहाव्यात.

रिकामे चालते, पण पाय ठेवताच थांबते? मग वीज काढून पट्टा उचला आणि खाली हात फिरवा. पट्ट्याची खालची बाजू बहुधा विणलेले पॉलिएस्टर कापड असते. ती कोरडी लागली तर फळीवर मधोमध सिलिकॉन तेल सोडावे. शिलाई मशीनचे तेल किंवा खोबरेल घालू नये. अशा तेलाने पट्ट्याचे थर सुटू शकतात, आणि धूळ बसून चिखल होतो तो वेगळाच. पट्टा घसरत असेल तर मागचे दोन्ही बोल्ट सारखेच, एका वेळी पाव फेरा आवळावेत. फार आवळला तर पुन्हा मोटरवर ताण.

सुरू होऊन काही सेकंदांतच थांबते, तेव्हा पुलीजवळचा वेग मोजणारा सेन्सर हललेला किंवा धुळीने भरलेला असू शकतो. डीसी मोटरमधील कार्बन ब्रश झिजले तरी यंत्र अडखळते. ड्रिल आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या आमच्या भाईंना हे ब्रश नवे नाहीत. मात्र प्लग काढल्यावरही बोर्डातील कपॅसिटरमध्ये वीज राहते. काही मिनिटे थांबूनच झाकण उघडावे, आणि बोर्डाला जाणकाराशिवाय कोणी हात लावू नये.

आखातातून आणलेल्या यंत्राची पाटी जरूर वाचावी. सौदीत घरोघरी १२७ व्होल्ट वीज असे. २३० व्होल्टवर जाण्याचा निर्णय तेथे २०१० मध्ये झाला. कमी व्होल्टचे यंत्र आपल्या २३० वर थेट लावले, तर बोर्ड खरोखरच जळतो.

आमच्या यंत्राला अखेर लागली सिलिकॉन तेलाची एक बाटली आणि एक नवा प्लग. कोणाला बोर्ड बदलावाच लागला, तर जुना परत मागून घ्यावा.