मूल सांभाळणे हे कुशल काम नाही काय?

हिंगोली जिल्ह्यातून पोटासाठी पुणे-मुंबई गाठलेल्या आपल्या काही भगिनी तेथे इतरांची मुले सांभाळतात. "मूल तर सांभाळायचे, त्यात शिकायचे काय?" असे वस्तीत काम करताना आम्ही वारंवार ऐकतो. पगार ठरतानाही हेच वाक्य आडवे येते.

प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गीकरणात मुलांची निगा राखणाऱ्यांना ५३११ हा स्वतंत्र क्रमांक आहे. कौशल्याच्या चार पातळ्यांपैकी त्यांची पातळी दुसरी. शिंपी, वाहनचालक, वीजतंत्री यांचीही तीच. भारताचे २०१५ चे राष्ट्रीय वर्गीकरण याच चौकटीवर बेतलेले आहे. म्हणजे कागदावर हे काम कुशल आहे, व्यवहारात नाही.

असे का? ताप ओळखणे, घशात घास अडकला तर तत्काळ हालचाल करणे, रडण्यामागचे कारण समजणे या गोष्टी मुली लहानपणी धाकट्या भावंडांना सांभाळत शिकतात. त्याचे प्रमाणपत्र नसते, म्हणून तो 'बाईचा स्वभाव' ठरतो. त्यात बाई दलित-बहुजन असली की मोल आणखी घटते. जातिव्यवस्था कामाबरोबर माणसांचीही उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे.

शासनही यातून सुटलेले नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पण अंगणवाडी सेविका 'मानसेवी' आणि पगाराऐवजी 'मानधन', हीच भाषा राहिली. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. घरोघरी मूल सांभाळणाऱ्या बाईसाठी असा निकाल नाही. तिच्यासाठी महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा आहे, पण मंडळाकडे नोंद झाल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: झेपेल तेवढे काम, अन्न व वेतन, आजारपणात सेवा, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुटी. अडीच हजार वर्षांनंतरही अनेक घरांत यातले निम्मेही मिळत नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. आपल्या गावातून अशा कामाला गेलेल्या भगिनींची यादी करा. त्यांची मंडळाकडे नोंदणी करून द्या. कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि पगार लेखी ठरवायला मदत करा. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मूल सांभाळायला बाई येते, त्यांनी सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी.

जय भीम! नमो बुद्धाय!