स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि तदनंतरचे जीवन

अतिस्थूल व्यक्तीचे वजन शस्त्रक्रियेने घटविता येते, ही गोष्ट आता सर्वपरिचित झाली आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी पाहिली की सामान्य वाचकाची जिज्ञासा शमते. परंतु त्यांतील दुसरे छायाचित्र बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच घेतलेले असते, ही बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यानंतरच्या आयुष्याचे, आणि ते पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांचे असते, काय होते हा खरा अभ्यासाचा विषय होय. शरीराकडून मिळणारे साहाय्य, वैद्यांचे लक्ष आणि आप्तांचे कौतुक या तिन्ही गोष्टी पहिल्या वर्षी विपुल असतात व पुढे जवळजवळ एकाच वेळी ओसरू लागतात. अडचणींचा मोठा भाग मात्र त्यानंतरच उभा राहतो. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार करावयाचा आहे.

या शस्त्रक्रियांचा इतिहासही याच विसंगतीची साक्ष देतो. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर व नेल्सन या शस्त्रवैद्यांनी लहान आतड्याचा बराच मोठा भाग अन्नमार्गातून वगळण्याची पद्धती मांडली. तिने वजन उतरले खरे. परंतु पुढे अनेक रुग्णांना सततचा अतिसार, मुतखडे व सांध्यांचे विकार जडले आणि काहींचे यकृत निकामी झाले. हे दोष दृष्टोत्पत्तीस येण्यास वर्षे लागली व त्यानंतरच ती पद्धती मागे पडली. दरम्यान १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी निराळी वाट धरली. व्रणामुळे ज्यांच्या जठराचा भाग कापून काढावा लागे ते रुग्ण पुढे कृशच राहतात, या निरीक्षणावरून जठराच्या वरच्या टोकाचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्यास जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी केली. ‘गॅस्ट्रिक बायपास’ या नावाने ती सुधारित रूपात आजही प्रचलित आहे. सांप्रत जगात अधिक प्रमाणात होते ती मात्र ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी’. तीत जठराचा तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग काढून टाकून अंगरख्याच्या बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात.

जठर लहान झाले म्हणून माणूस कमी खातो व कमी खातो म्हणून वारतो, अशी एक सोपी समजूत आहे. ती अपुरी आहे. मिनेसोटा विद्यापीठातच १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना अर्धपोटी ठेवून जो सुप्रसिद्ध प्रयोग केला, त्यात त्या तरुणांना अन्नावाचून दुसरे काही सुचेनासे झाले होते. ते पाककृतींची पुस्तके वाचत आणि ताटातील कण न् कण टिपत. त्यांच्या शरीराने उष्णतेचा व्ययही कमी करून टाकला होता. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण आरंभीच्या महिन्यांत त्या तरुणांहूनही कमी खातो. तथापि अन्नाचा तसा ध्यास त्याला सहसा लागत नाही. याचे कारण असे की, जठर व आतडी ही केवळ पिशवी आणि नळी नसून स्रावोत्पादक अवयवही आहेत. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढलेले ‘घ्रेलिन’ हे भूक चेतविणारे हॉर्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते, आणि स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका तोच भाग जातो. उलटपक्षी, अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचू लागल्याने तृप्ती देणारी हॉर्मोने जेवणानंतर पूर्वीपेक्षा अधिक स्रवतात. त्यांपैकी ‘जीएलपी-१’ इन्शुलिनच्या स्रावासही साहाय्य करते. मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा वजन फारसे उतरण्यापूर्वीच पुष्कळदा सुधारते, त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणजे शस्त्रक्रियेने भूक बदलते. परंतु मनुष्य केवळ भुकेने खात नाही. कंटाळा, चिंता, एकटेपणा, कृतज्ञता, नात्यातील रुसवेफुगवे या सर्वांशी अन्नाचा जो संबंध वर्षानुवर्षे जुळलेला असतो, त्याला शस्त्रवैद्याची सुरी पोहोचत नाही. पूर्वी रात्री उशिरा फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात आता डब्यापर्यंत जात नाही, कारण दोन घासांतच छातीत दाटून येते. पण ज्या अस्वस्थतेमुळे तो हात उठत असे ती तेथेच असते. तिला दुसरी वाट लागते.

ही वाट कित्येकदा मद्याची असते. बायपासनंतर मद्य फार जलद रक्तात उतरते व थोड्याशा मात्रेनेही पूर्वीहून अधिक चढते. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मद्यासंबंधी विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षी ७.६ टक्के होते. पहिल्या वर्षी ते वाढले नाही, दुसऱ्या वर्षी मात्र ९.६ टक्के झाले. वाढ प्रथमदर्शनी अल्प भासते. परंतु ती दुसऱ्या वर्षी झाली, हा त्यातील अर्थपूर्ण भाग होय. पहिल्या वर्षाच्या अखेरीस रुग्णास निरोप देणाऱ्या वैद्याच्या नोंदवहीत ती कधीच उमटणार नाही. याहून गंभीर इशारा २००७ मध्ये यूटा येथून आला होता. तेथे शस्त्रक्रिया झालेल्यांतील एकूण मृत्युमान न झालेल्यांच्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी आढळले, आणि तरीही अपघात, आत्महत्या अशा रोगेतर कारणांनी होणारे मृत्यू त्यांच्यात ५८ टक्क्यांनी अधिक होते. रोगांपासून वाचविलेल्या काही माणसांचे मन मात्र कोणी सांभाळले नाही, असा संशय या आकड्यांवरून येतो.

दीर्घ मुदतीच्या परिणामांचे सर्वांत विश्वसनीय चित्र स्वीडनमधून मिळते. तेथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात २,०१० शस्त्रक्रियित रुग्ण आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या २,०३७ समतुल्य व्यक्ती यांची तुलना अनेक वर्षे केली गेली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहाव्या वर्षी ती घट २५ टक्के उरली. जुन्या, आता क्वचितच होणाऱ्या पद्धतींत ती १४ ते १६ टक्क्यांवर आली. मधुमेहाची कथा अशीच आहे. दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त अवस्थेत होते, पंधरा वर्षांनी सुमारे ३०. जीवनातील समाधान मोजणाऱ्या प्रश्नावल्यांची उत्तरे पहिल्या वर्षी शिखरास पोहोचली, सहाव्या वर्षापर्यंत उतरत गेली व त्यानंतर स्थिरावली. ती पूर्वीच्या पातळीहून वरच राहिली, हेही सांगावयास हवे. २०२० मधील निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांना तुलनागटापेक्षा ३ वर्षे अधिक आयुष्य लाभले. सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा मात्र ते ५.५ वर्षांनी कमी होते. लाभ खरा आहे, पण मर्यादित आहे.

वजन थोडेफार परत येणे हा, यावरून दिसते त्याप्रमाणे, अपवाद नसून बहुतांशी नियमच होय. तरीही ज्याचे वजन चौथ्या वर्षी सहा-सात किलोंनी वाढते, तो स्वतःला अपराधी मानतो आणि त्या लज्जेपोटी तपासणीस जाणेच सोडतो. एवढे करूनही काही उपयोग झाला नाही, हे घरच्यांचे एक वाक्य त्याला पुरेसे असते. त्यातच शस्त्रक्रिया म्हणजे आळशी माणसाची सोपी वाट, असा समज समाजात रूढ असल्यामुळे कित्येक जण ती मुळातच लपवून ठेवतात. आणि लपविलेल्या गोष्टीसाठी मदत मागता येत नाही.

आहाराचे नवे नियम सांगावयास सोपे आहेत. घास बारीक चावावा. जेवताना पाणी पिऊ नये, ते मधल्या वेळात घोट घोट घेऊन दिवसाकाठी दीड लिटरपर्यंत न्यावे. प्रथिने आधी, भात-पोळी नंतर. दररोज ६० ग्रॅमपेक्षा कमी प्रथिने नसावीत, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. वाटीभर अन्नात भागणाऱ्या माणसाने ते कसे गाठावे, हा मात्र मराठी स्वयंपाकघरापुढील गहन प्रश्न होय. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम आणि शंभर मिलिलिटर दुधातून ३ ग्रॅमांहून किंचित अधिक प्रथिने मिळतात. पातळ वरणाचे पाणी पिऊन हा हिशेब जुळणे अशक्य आहे. उपवासाचे दिवस तर विशेष अडचणीचे. साबुदाणा, वरी, रताळी यांत पिष्ट भरपूर व प्रथिने नाममात्र, आणि हरतालिकेसारखा निर्जळी उपवास अशा रुग्णाला थेट अपायकारक ठरतो. सणाचे ताटही निर्धोक नाही. बायपास झालेल्याने वाटीभर बासुंदी घेतली की ती साखर झपाट्याने आतड्यात उतरते. पाव-अर्ध्या तासात पोटात कळ, छातीत धडधड, दरदरून घाम आणि अंथरुणावर आडवे व्हावे असा थकवा येतो. काहींना हाच त्रास, रक्तशर्करा एकाएकी घसरल्यामुळे, एक ते तीन तासांनीही होतो. पाहुण्यांना हा हृदयविकार वाटतो.

परंतु नियमांहून कठीण असतो तो आग्रह. ज्या समाजात वाढणाऱ्याचे प्रेम पळीने मोजले जाते, पानात टाकणे हा अन्नाचा अपमान आणि नको म्हणणे हा यजमानीणबाईंचा अपमान समजला जातो, तेथे तीन घासांत थांबणाऱ्या माणसाला पंगतीत स्थान उरत नाही. तो लवकर उठतो, किंवा बसून राहतो आणि सर्वांच्या दृष्टीचा विषय होतो. सून असेल तर प्रश्न अधिकच नाजूक. स्वतः शिजवावयाचे, इतरांना वाढावयाचे आणि आपल्यापुरते वेगळे मागावयाचे, हे तिला सहजासहजी साधत नाही. आहारतज्ज्ञाचा कागद रुग्णाच्या हाती देण्याऐवजी घरात जो वाढतो त्याच्या हाती द्यावा, ही सूचना म्हणूनच क्षुल्लक मानू नये.

नात्यांतील बदल जेवणापुरते थांबत नाहीत. २०१८ मध्ये स्वीडनमधीलच नोंदींवरून असे दिसून आले की, शस्त्रक्रियेनंतर एकट्या व्यक्तींचे विवाह व नवी नाती जुळण्याचे प्रमाण वाढते, त्याचप्रमाणे आधीपासूनच्या जोडप्यांत विभक्त होण्याचे प्रमाणही वाढते. देह बदलला की घरातील भूमिकाही बदलतात आणि जोडीदाराला ते मानवेलच असे नाही. स्वतःच्या मनातील प्रतिमा तर देहाच्या बरीच मागे रेंगाळते. तीस-चाळीस किलो उतरलेली व्यक्तीही बसमध्ये आडवी होऊन सरकते, दुकानात जुन्याच मापाचा कपडा मागते. आणि वस्त्रांखाली लोंबणारी सैल कातडी तिला पूर्वीच्या देहाचे नित्य स्मरण देते.

शरीरातील उणिवांचेही आपापले वेळापत्रक आहे. वरचेवर उलट्या होत राहिल्यास थायमिन या जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांतच संपतो व मेंदूस कायमची इजा होऊ शकते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. ते बहुधा परत येतात, तरी रुग्ण याच गोष्टीने सर्वाधिक घाबरतो. लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या आरंभीच्या भागात शोषले जाते तोच बायपासमध्ये वगळला जात असल्याने रक्तक्षय हळूहळू येतो. ब-१२चा यकृतातील साठा वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून त्याची उणीव रुग्ण अगदी निर्धास्त झाल्यावर हातापायांना मुंग्या येऊन प्रकट होते. अस्थींची झीज त्याहूनही उशिरा कळते, कधी कधी हाड मोडल्यावरच. गोळ्या आजन्म घ्यावयाच्या असतात, आणि लोह व कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे तरी अंतर ठेवावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. वजन उतरताच थांबलेली जननक्षमता परत येते, आणि गर्भधारणा तर १२ ते १८ महिने टाळावयाची असते.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत हे सर्व अधिक काटेकोरपणे पाहावे लागेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात स्वतःचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसावयास सारख्या देहांत स्नायू कमी व मेद अधिक असू शकतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात शस्त्रक्रियेसाठी देहभारांकाची सर्वसाधारण मर्यादा ३५, तर आशियाई लोकांकरिता २७.५ सुचविली आहे. मर्यादा खाली आली की शस्त्रक्रिया होणाऱ्यांची संख्या वाढणार. या वाढत्या संख्येत पुष्कळ जण स्नायूंची पुंजी मुळात अल्प असलेले आणि शाकाहारामुळे ब-१२ची उणीव आधीच असलेले असतील. शिवाय आरोग्यविम्याचा भर रुग्णालयातील वास्तव्यावर असल्याने शस्त्रक्रियेचे देयक भागले तरी पुढील वीस वर्षांच्या गोळ्या, रक्ततपासण्या व समुपदेशन यांचा भार बहुधा कुटुंबावरच पडतो.

या विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्याने एका सापळ्यापासून सावध राहावे. पाचव्या वर्षी रुग्णालयात कोण येते? ज्याचे वजन टिकले आहे तो आनंदाने येतो. ज्याचे वाढले, ज्याने गोळ्या सोडल्या किंवा जो मद्याकडे वळला, तो येत नाही. आलेल्यांचीच सरासरी काढली तर निष्कर्ष आपोआप उजळ होतो. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाच्या मृत्यूची व रुग्णालयीन उपचारांची राष्ट्रीय नोंद असल्याने न आलेला रुग्णही अभ्यासातून सर्वस्वी निसटला नाही. तशा नोंदींचा आधार जेथे नाही तेथे संशोधकाला रुग्णालयाच्या दारात प्रश्नावली घेऊन बसता येणार नाही. जुन्या यादीतील पत्ते शोधत, जे परत आले नाहीत त्यांच्याच घरी त्याला जावे लागेल, आणि तेही शक्यतो जेवणाच्या वेळी.