काळी प्लेट, निळी प्लेट: ऑफ-ग्रिड सोलरबद्दलचे काही गैरसमज

बारामती-इंदापूर भागात सोलर पॅनलची पारख बहुधा रंगावरून होते: काळी प्लेट भारी, निळी हलकी. काळी प्लेट मोनोक्रिस्टलाइन असते. तिचे सेल एकाच अखंड स्फटिकाच्या सिलिकॉनमधून कापलेले असतात. निळी पॉलिक्रिस्टलाइन, म्हणजे वितळवून साच्यात ओतलेल्या सिलिकॉनची असते आणि तिच्यात असंख्य लहान स्फटिक असतात. दोन्हींत फरक आहे, पण तो समजला जातो तिथे नाही.

हजार वॉट मोनो हजार वॉट पॉलीपेक्षा पुष्कळ जास्त वीज देते, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. वॉट हे माप ठरलेल्या कसोटीवर घेतलेले असते: चौरस मीटरला १,००० वॉट ऊन आणि सेलचे तापमान २५ अंश. त्या कसोटीवर दोन्ही प्लेटा सारख्याच उतरतात. कार्यक्षमतेच्या टक्क्यांवर जागा ठरते. २१ टक्क्यांच्या मोनोला एका किलोवॉटसाठी सुमारे ४.८ चौरस मीटर जागा लागते, १६ टक्क्यांच्या पॉलीला सव्वासहा. तीन एचपीच्या सौर पंपाला साधारण ३,००० वॉटच्या प्लेटा लागतात; म्हणजे फरक चार-पाच चौरस मीटरचा. पणदऱ्याच्या शिवारात बांधाच्या कोपऱ्यात तो जाणवत नाही, वस्तीवरच्या छोट्या छपरावर मात्र जाणवतो. शिवाय आता नव्या प्लेटा बहुतेक मोनोच असतात, मग त्या पर्क असोत वा टॉपकॉन. पॉलीचा प्रश्न मुख्यतः जुन्या किंवा वापरलेल्या मालापुरता उरला आहे.

कडक उन्हाळ्यात प्लेटा जोरात चालतात, असेही मानले जाते. प्लेटेला उजेड हवा असतो, उष्णता नको. एप्रिल-मे महिन्यांत हवा चाळिशीला पोचली की सेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतात. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला पॉलीची क्षमता सुमारे ०.४० टक्के घटते, मोनो पर्कची ०.३५, टॉपकॉनची ०.३०. सेल ६५ अंशांवर असेल तर हजार वॉटमागे अनुक्रमे ८४०, ८६० आणि ८८० वॉट हाती येतात. रंगाच्या वादात ज्याची चर्चा होत नाही तो प्रकारांमधला खरा फरक हा, आणि तोही जेमतेम चाळीस वॉटचा! पत्र्याला चिकटवून बसवलेली प्लेट त्याहून जास्त गमावू शकते. खालून वारा खेळायला वीतभर तरी मोकळी जागा हवी.

ऊसपट्ट्यात मोठा शत्रू सावलीचा. प्लेटेच्या कोपऱ्यावर पडलेली सावली तेवढ्याच कोपऱ्याची वीज खाते, हा समज चुकीचा आहे. सेल एकामागून एक साखळीत जोडलेले असतात. एक झाकला की त्याची पूर्ण साखळी अडते आणि बायपास डायोड तिला वगळतो. साध्या प्लेटेत ही एकतृतीयांश वीज असते. हाफ-कट प्लेटेत वरचा आणि खालचा भाग वेगळे जोडलेले असल्याने नुकसान काहीसे कमी होते, पण टळत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला आडसाली ऊस बारा फुटांपर्यंत जातो. डिसेंबरात इथला सूर्य भरदुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे त्या उसाची सावली तेव्हाही साडेदहा फूट पडते. सकाळ-संध्याकाळी कितीतरी लांब. दक्षिणेला ऊस लावून त्याच्या कडेला प्लेटा उभ्या केल्या, तर मोनो असली काय आणि पॉली असली काय!

वस्तीवरच्या बॅटरी-संचात वेगळी चूक होते. मोठी प्लेट घेतली की बॅटरी भरभर चार्ज होईल, या हिशेबाने १२ व्होल्टच्या बॅटरीला साध्या पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलरवरून ५४० वॉटची प्लेट जोडली जाते. ती प्लेट सुमारे ४१ व्होल्टवर १३ अँपिअर देणारी असते. हा कंट्रोलर तिला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो. १३ व्होल्ट गुणिले १३ अँपिअर, म्हणजे जेमतेम १७० वॉट मिळतात. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचे व्होल्टेज करंटमध्ये बदलतो, म्हणून तिथे तोच लागतो.



सौर कृषी पंपाला मात्र बॅटरी नसतेच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’सारख्या योजनेतला पंप ऊन असेल तेव्हाच चालतो, रात्रीसाठी पाणी शेततळ्यात किंवा टाकीत साठवावे लागते. छतावर अनुदानातून बसवलेल्या ऑन-ग्रिड संचाचे वागणे याहून निराळे: लाइट गेली की दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी त्याचा इन्व्हर्टर बंद पडतो, ऊन कितीही असो. लाइट गेल्यावरही घर चालायचे असेल, तर बॅटरीसह हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर लागतो.