सफारी बंद झाली, आमची गाडी चालू आहे: जुन्या मोठ्या एसयूव्हीचे पार्ट कसे शोधायचे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे कसं' उडवलेत.

आज विषय गाडीचा. आमच्या घरी २०१४ ची टाटा सफारी स्टॉर्म आहे. एमएच ३१, पांढरी, बाबांची. मी दिवसभर लॅपटॉपवर कोड लिहिणारा माणूस, गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा वर्ध्याहून परत येत होते. बुटीबोरीजवळ समोरचा ट्रक अचानक थांबला. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच पुढे जाऊन. ट्रकच्या मागे हातभर जागा उरली होती. झालं काहीच नाही. पण घरी आल्यावर बाबा चहा न घेता तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं चाक काढलं. ब्रेक पॅडचा मसाला कडेनं भुगा होऊन निघत होता. तो म्हणाला, "भाऊ, हे पॅड आहे का पापड? कुठून आणले?"

आणले मीच होते. दोन महिन्यांपूर्वी, ऑनलाइन, जवळपास अर्ध्या किमतीत. खोका ओरिजिनलसारखा दिसत होता, एवढाच माझा पुरावा. त्यानंतर मी हा विषय नीट शिकलो. आज तेच सांगतो.

नावानं शोधाल तर फसाल

आधी थोडा इतिहास. सफारी पहिल्यांदा १९९८ मध्ये आली. २०१२ मध्ये सफारी स्टॉर्म आली आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. मग २०२१ मध्ये 'सफारी' हे नाव परत आलं, पण गाडी पूर्ण वेगळी. आमची स्टॉर्म म्हणजे शिडीसारख्या लोखंडी चॅसिसवर बसवलेली बॉडी, २.२ लिटर डिझेल इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद. नवी सफारी हॅरियरच्या घरातली: बॉडी आणि चॅसिस एकसंध, डिझेल इंजिन २ लिटरचं, ताकद पुढच्या चाकांना. आमच्या भाषेत सांगायचं तर पॅकेजचं नाव तेच, पण आतला कोड नव्यानं लिहिलेला.

म्हणून फोनवर 'सफारी ब्रेक पॅड' टाकलं की दोन्ही गाड्यांचा माल एकत्र दिसतो. खाली 'सर्व मॉडेलला चालेल' असंही लिहिलेलं असतं. ते वाचलं की पुढे सरका.

खरी ओळख असते पार्ट नंबर. तो मिळवायच्या तीन जागा. एक, काढलेल्या जुन्या पार्टवर ठोकलेला किंवा चिकटवलेला नंबर. दोन, जुना खोका. तीन, अधिकृत डीलरचा पार्ट काउंटर. तिथे तुमचा १७ अक्षर-अंकी चॅसिस नंबर सांगा, त्यांच्या कॅटलॉगमध्ये नेमका नंबर निघतो. चॅसिस नंबर आरसीवर असतोच. आणखी एक गोष्ट: कंपन्या कधी कधी जुना नंबर बंद करून त्याच पार्टला नवा नंबर देतात. त्यामुळे काउंटरवरचा माणूस "हा नंबर बंद आहे" म्हणाला की लगेच घरी येऊ नका. "याच्या जागी कोणता नंबर आला?" हे विचारा. अर्ध्या वेळा पार्ट तिथेच रॅकवर असतो.

गाडीची भावंडं शोधा

हे मला सगळ्यात जास्त आवडलं. कोणतीच कंपनी प्रत्येक गाडीसाठी प्रत्येक पार्ट नव्यानं बनवत नाही. स्टॉर्मचं चॅसिस टाटा आरियाच्या घराण्यातलं आहे. २.२ लिटर डिझेल इंजिनाचं कुटुंब आरिया, सुमो ग्रँडे आणि झेनॉन पिकअपमध्येही होतं. म्हणजे आपण मॉडेल शोधत असतो 'बंद पडलेलं', पण पार्ट कुठल्यातरी पिकअपच्या नावानं दुकानात पडलेला असतो.

मिस्त्रीनं मला हेच शिकवलं. एक होज पाइप मी आठवडाभर सफारीच्या नावानं शोधून राहिलो होतो. तो म्हणाला, "काऊन सफारी-सफारी करून राहिला बे? नंबर दाखव आन् पिकअपवाल्याकडं विचार." वाडीकडे, जिथं ट्रान्सपोर्टच्या गाड्या थांबतात, तिथल्या एका दुकानात दहा मिनिटांत मिळाला. पण सावध: भावंडं आहेत म्हणून सगळंच जुळेल असं नाही. नंबर जुळला पाहिजे, नाहीतर जुना पार्ट हातात धरून शेजारी शेजारी ठेवून बघा.

बाजारात माल चार प्रकारचा

पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. दुसरा, ज्या सप्लायरनं कंपनीला पार्ट बनवून दिला त्याच्या स्वतःच्या खोक्यातला. माल बहुतेकदा तोच, किंमत कमी. तिसरा, दुसऱ्या कुणी बनवलेला, ज्याला आपण 'लोकल' म्हणतो. त्यात चांगलाही असतो आणि भंगारही. चौथा, जुन्या गाडीतून काढलेला.

माझा नियम साधा आहे. गाडी थांबवणारं आणि वळवणारं काहीही, म्हणजे ब्रेक, स्टीअरिंग, बॉल जॉइंट, फक्त पहिल्या दोन प्रकारांतलं. फिल्टर आणि इंजिनचे पार्टही तिथूनच. आरसा, दाराचं हँडल, टेललाइट, आतलं प्लास्टिक? जुन्या गाडीतून काढलेलं बिनधास्त घ्या, पैसे वाचतात. मात्र कबाड्याकडूनही बिल मागा. पार्ट चोरीच्या गाडीतला निघाला तर अडचणीत तुम्ही येता.

नागपूरचं ऊन आणि स्टॉक

पार्ट मिळणं अवघड होतंय म्हटल्यावर मी सगळंच विकत घेऊन ठेवायला निघालो होतो. चूक. रबर कपाटात ठेवलं तरी म्हातारं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. होज, बेल्ट, बुश आणि बॅटरी लागेल तेव्हाच घ्या. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. दुकानात 'नवा' म्हणून मिळणारा टायर चार वर्षं जुना असू शकतो. साठवायचंच असेल तर ऑइल फिल्टर, एअर फिल्टरचा एखादा जोड आणि काचेचे, ट्रिमचे दुर्मिळ पार्ट ठेवा.

बिल नाही तर पार्ट नाही

माझ्या पापडवाल्या पॅडचं मी काही करू शकलो नाही, कारण बिलावर विक्रेत्याचा धड पत्ताच नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि नवा पार्ट बसवायच्या आधी खोक्याचा फोटो काढा. आता मी एक शीट ठेवतो: तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर, दुकान, किंमत. बाबा हसतात, पण मिस्त्री आता मलाच नंबर विचारतो.

मग गाडी ठेवायची का?

हा खरा प्रश्न. आमची आरसी २०२९ मध्ये १५ वर्षांची होईल. नूतनीकरणाला गाडी आरटीओत दाखवावी लागते. कारसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. हा खर्च आत्ताच हिशोबात धरा. आमचं ठरलंय ते असं: ब्रेक, स्टीअरिंग आणि चॅसिस यांचा योग्य पार्ट मिळतोय तोवर गाडी ठेवायची. ज्या दिवशी यातल्या एखाद्या पार्टसाठी 'चालवून घेऊ' म्हणावं लागेल, त्या दिवशी विकायची. बाबांनीही मान हलवली. बुटीबोरीनंतर त्यांना जास्त समजावावं लागलं नाही.

तुमच्या घरी बंद झालेल्या मॉडेलची गाडी असेल, कोणत्याही कंपनीची, तर आज एकच काम करा. आरसी आणि चॅसिस नंबरचा फोटो फोनमध्ये सेव्ह करा. पुढच्या वेळी दुकानात नावाऐवजी नंबर सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजीनं चालवा!