कुठं असता आपण?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, मिसिसागातल्या दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा डॉक्टरांचं तपासून झाल्यावर मी सवयीनं पर्स उघडून काउंटरपाशी उभी राहिले. तिथल्या बाईंनी वर पाहिलं. ‘‘अजून काही हवंय?’’ मी म्हटलं, ‘‘बिल.’’ त्यांनी माझं हिरवं कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. बाहेर पार्किंगमध्ये मी जरा वेळ थांबून राहिले. दुकानातून पैसे न देता निघाल्यासारखं वाटत होतं.

त्या कार्डामागच्या योजनेचं नाव ऑन्टारिओ हेल्थ इन्शुरन्स प्लॅन. सगळे तिला ‘ओहिप’ म्हणतात. नावातल्या ‘इन्शुरन्स’ शब्दानं आपल्यासारख्यांची हमखास गफलत होते. पुण्यात विमा म्हटला की हप्ता आला, पॉलिसीचे बारीक अक्षरांतले कागद आले, ‘कॅशलेस’ मंजूर होईपर्यंत डिस्चार्जच्या दिवशी टीपीए या विमा-मध्यस्थाच्या खिडकीशी घातलेल्या खेपा आल्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सरकारी खरी; पण तिथेही रेशनकार्ड, उपचारांची ठरलेली यादी आणि योजनेत असलेलं रुग्णालय यांचा मेळ बसावा लागतो. ओहिपमध्ये यातलं काही नाही. हप्ता होता, तो १९९० मध्ये गेला. २००४ पासून प्राप्तिकरासोबत ‘आरोग्य प्रीमियम’ नावाची रक्कम कापली जाते, वर्षाला जास्तीत जास्त ९०० डॉलर. पण तिचा नि कार्डाचा संबंध नाही. ज्याचं उत्पन्न शून्य, त्याच्याकडेही तेच कार्ड. दम्यापासून दुखऱ्या गुडघ्यापर्यंत तुम्हाला आधीपासून काय काय आहे, हे अर्जात कुणी विचारतच नाही.

विचारतात ते एकच. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस पाच मिनिटांत जे विचारतो, तेच: कुठं असता आपण?

कार्डासाठी ‘सर्व्हिस ऑन्टारिओ’ या सरकारी कार्यालयाच्या काउंटरवर तीन पुरावे लागतात: तुमची ओळख, कॅनडात राहण्याचा तुमचा हक्क आणि ऑन्टारिओतला पत्ता. पहिले दोन प्रत्येक जण प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जिवापाड जपून आणतो. अडतं ते तिसऱ्यापाशी. नवा माणूस मित्राच्या बेसमेंटमध्ये उतरलेला असतो. भाडेकरार मित्राच्या नावावर, विजेचं बिल घरमालकाच्या. मग कुणीतरी शहाणा सांगतो, आधी बँकेत खातं उघड आणि त्या पत्त्यावर स्टेटमेंट येऊ दे. मी २०१४ मध्ये आले तेव्हा एवढं करूनही तीन महिने थांबावं लागे आणि तेवढ्या काळासाठी खासगी विमा घ्यावा लागे. त्या तीन महिन्यांत बर्फावरून चालताना मी जितकं जपून पाऊल टाकलं, तितकं नंतर कधी टाकलं नाही. ही अट कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये काढून टाकली. शेजारच्या क्विबेकमध्ये किंवा पश्चिमेच्या ब्रिटिश कोलंबियात नवख्याला अजूनही थांबावं लागतं, कारण आरोग्य हा इथे प्रांतांचा कारभार आहे. ‘कॅनडात उपचार फुकट’ असं भारतात सर्रास बोललं जातं. प्रत्यक्षात दहा प्रांतांच्या दहा योजना आहेत, उत्तरेकडच्या तीन प्रदेशांच्या आणखी तीन. केंद्र पैशाचा वाटा देतं आणि अटी घालतं.

या सगळ्याच्या मुळाशी बाहेरून आलेल्याच एका मुलाचा पाय आहे. टॉमी डग्लस स्कॉटलंडमध्ये १९०४ साली जन्मला आणि लहानपणी विनिपेगला आला. पायाच्या हाडात जंतुसंसर्ग झाला. घरात पैसा नाही, डॉक्टर पाय कापायचं म्हणू लागले. तेवढ्यात एका शल्यविशारदानं विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही केस फुकट घेतली आणि पाय वाचला. तो मुलगा पुढे धर्मोपदेशक झाला, मग १९४४ मध्ये सस्कॅचेवान प्रांताचा प्रीमियर. १९४७ मध्ये तिथे रुग्णालयाच्या खर्चाची सार्वजनिक योजना आली आणि १ जुलै १९६२ ला डॉक्टरांच्या फीचीही. त्याच दिवशी प्रांतातले डॉक्टर संपावर गेले, २३ दिवस. पण योजना टिकली आणि दहा वर्षांत देशभर पसरली. ऑन्टारिओत ती आजच्या नावानं १९७२ पासून आहे. १९८४ च्या कॅनडा हेल्थ अॅक्टनं वरकड फी घेण्यावर टाच आणली: रुग्णाकडून जितके डॉलर उकळले जातील, तितके केंद्र त्या प्रांताच्या वाट्यातून कापणार. ऑन्टारिओनं १९८६ मध्ये तशी बंदी घातली, तेव्हा इथल्या डॉक्टरांनीही सुमारे २५ दिवस संप केला. माझ्या पर्सला जे जमलं नाही, त्यामागे दोन संप आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

बिल नसतं असं नाही. ते आपल्याला दिसत नाही, इतकंच. प्रत्येक तपासणीला एक कोड असतो. साध्या भेटीचा ए-००७. तुमचा दहा आकडी नंबर आणि त्यापुढची दोन अक्षरं लावून डॉक्टर तो सरकारकडे पाठवतात. ही दोन अक्षरं म्हणजे कार्डाची आवृत्ती. कार्ड बदललं की तीही बदलतात. जुनं कार्ड चुकून पुढे केलं की काउंटरवर लगेच कळतं.

पण पुष्कळ फॅमिली डॉक्टरांचा हिशेब निराळा. तो कळायला मला एक फोन यावा लागला. डॉक्टरांकडे पहिल्याच दिवशी एका फॉर्मवर सही घेतली होती, ती मी ‘अमुक ठिकाणी करा’ म्हटल्यावर करतात तशी करून टाकली. पुढे खोकल्यासाठी दोनदा घराजवळच्या वॉक-इन दवाखान्यात जाऊन आले. महिन्याभरानं डॉक्टरांकडून फोन: ‘‘तुम्ही बाहेर का गेलात?’’ मला वाटलं, डॉक्टरबाई रागावल्यात. त्या सहीचा अर्थ असा होता, की मी त्यांच्या पटावर आहे. पटावरच्या प्रत्येक माणसामागे त्याच्या वयानुसार डॉक्टरांना वर्षाची ठरावीक रक्कम मिळते, मी आले तरी आणि नाही आले तरी. मी त्याच कामासाठी दुसरीकडे गेले, की त्यांच्या बोनसमधून ती भेट वजा व्हायची. तातडीच्या विभागात गेले असते तर वजा झाली नसती. म्हणजे साध्या खोकल्यासाठी हॉस्पिटल गाठलेलं त्यांना परवडलं असतं, कोपऱ्यावरचा दवाखाना नाही. सरकारी डोकं कुठेही गेलं तरी सरकारीच.

तरी रागवायला डॉक्टर आहे हे भाग्यच. ऑन्टारिओत वीस लाखांहून अधिक लोकांना फॅमिली डॉक्टर नाही. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्ट सहसा भेटत नाही. नवा माणूस कार्ड मिळालं म्हणून पेढे वाटतो आणि मग शोध सुरू होतो. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मी जितक्यांदा ‘तुमचे डॉक्टर नवे पेशंट घेतात का हो?’ हे ऐकलंय, तितक्यांदा ‘पोरं काय करतात?’ ऐकलं नाही. थांबणं तिथेच संपत नाही. तातडीच्या विभागात पाच पायऱ्यांची प्रतवारी असते. मुलाचं मनगट मोडलं तेव्हा आमची पायरी चौथी होती. सहा तास बसलो. समोरून छातीत दुखणारे आजोबा थेट आत गेले आणि मुलगा मला म्हणाला, ‘‘आई, आपण लकी आहोत ना?’’

औषधांचं मात्र सगळं उलटं. ऑपरेशन फुकट, नंतरच्या गोळ्या स्वतःच्या खिशातून. दात, पंचविशीपासून चौसष्टीपर्यंतच्यांचं औषध, चष्मा, सगळं योजनेबाहेर. अॅम्ब्युलन्सचे ४५ डॉलर द्यायचे. १९२१ मध्ये ज्या टोरांटोत इन्सुलिन सापडलं, तिथे नोकरीचा विमा नसलेला मधुमेही ते दुकानातून विकत घेतो. खर्च उत्पन्नाच्या साधारण चार टक्क्यांपलीकडे गेला, तर ट्रिलियम नावाची योजना हात देते. दातांना मात्र तोही हात नाही, म्हणूनच आमच्यातले निम्मे लोक दाढेचं रूट कॅनाल पुण्याच्या सुट्टीत उरकतात.

‘कुठं असता?’ या प्रश्नाचा खरा काच कळतो आई-बाबा आल्यावर. ते आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर येतात. एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. नातवाला शाळेतून आणतात, स्नो बूट घालून देवळात जातात, शेजारच्या पोर्तुगीज आजीशी खुणांनी मैत्री करतात. पण ओहिपच्या लेखी ते इथे ‘असत’ नाहीत. त्यांच्यासाठी किमान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा खासगी विमा व्हिसाच्या अर्जासोबतच जोडावा लागतो. आणि तिथे आपला जुना ओळखीचा विमा पुन्हा भेटतो: वय किती, शुगर किती, गेल्या सहा महिन्यांत गोळीचा डोस बदललाय का? बाबांची बीपीची गोळी निघण्याआधी महिनाभर अडीचवरून पाचवर गेली होती. एजंट फोनवर म्हणाला, ‘‘हे आधी सांगितलंत ते बरं झालं,’’ आणि त्या आजाराला वगळून पॉलिसी दिली. एका घरात, एका टेबलाशी जेवणारी चार माणसं. दोघांकडे हिरवं कार्ड, दोघांकडे विम्याची निळी फाइल. आई शिंकली तरी बाबा त्या फाइलकडे बघायचे. पाच महिन्यांत ती एकदाही उघडली नाही, कारण सर्दीपासून पाठदुखीपर्यंत सगळं त्यांनी सांगलीहून आणलेल्या गोळ्यांवर निभावलं.

यंदा प्रश्न माझ्याकडे वळलाय. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीत ठरलंय, आईला एकटीला जमणार नाही. नियम असा, की कोणत्याही बारा महिन्यांत निदान १५३ दिवस ऑन्टारिओत असायला हवं. म्हणजे बाहेर जास्तीत जास्त २१२. त्याहून लांबणार असेल तर आधी कळवून सवलत मागता येते. आणि तिकडे मी आजारी पडले, तर तातडीनं दाखल झाल्यास ओहिप दिवसाला २०० ते ४०० डॉलरपर्यंत देते, बाहेरच्या तपासणीचे फार तर ५०. सांगलीत तेवढ्यात बरंच भागेल, असं वाटून मला हसू आलं. अमेरिकेत तेवढ्यात खोलीचा दरवाजाही उघडणार नाही.

स्वयंपाकघरात आईनं लावून ठेवलेलं कालनिर्णय आहे. त्यावर मी पेन्सिलीनं मोजतेय. जानेवारीत लग्नाला गेले होते, ते २३ दिवस. जूनमध्ये ऑपरेशन, मग फिजिओथेरपी, मग गणपती होईपर्यंत थांब असं आई म्हणते. अनंत चतुर्दशीपर्यंत मोजलं, तर एकूण १३१ भरतात. दिवाळी धरली, तरी १७९. बाबांना फोनवर सांगितलं, की अजून ३३ शिल्लक आहेत. ते म्हणाले, ‘‘मग तुळशीचं लग्न लावूनच जा.’’